बॅन्फमध्ये ज्येष्ठांसह गाईडबरोबरच्या एकदिवसीय सहली : निवड कशी करावी?

निळाई (मिसिसागा)

नमस्कार. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण, म्हणजे मी, यजमान, आमचा नऊ वर्षांचा मुलगा आणि सांगलीहून आलेले सासू-सासरे, कॅनडाच्या रॉकी पर्वतातील बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात चार दिवसांसाठी जाणार आहोत. मुक्काम बॅन्फ गावातच आहे. सासरे रोज पहाटे फिरायला जाणारे असल्यामुळे त्यांना चालण्याची काही अडचण नाही. सासूबाईंचे गुडघे मात्र दुखतात. सपाट वाटेवर त्या सावकाश अर्धा-पाऊण तास चालू शकतात, पण पायऱ्या आणि उतार त्यांना जड जातात. दोघेही शाकाहारी आहेत.

चारपैकी दोन दिवस गाईडबरोबरच्या सहली घ्याव्यात, असा आमचा विचार आहे. मोरेन लेकला खासगी गाडी नेता येत नाही हे एक कारण, आणि यजमानांनी दिवसभर गाडीच चालवत बसावे असे मला वाटत नाही, हे दुसरे. जाहिराती पाहू लागले तेव्हा मात्र गोंधळ वाढला. एका सहलीत एका दिवसात आठ ठिकाणे दाखवतात, दुसरीत फक्त लेक लुईस आणि मोरेन लेक ही दोनच तळी आहेत, आणि दोन्हींच्या दरांत फारसा फरक नाही. तिसरी सहल आईसफील्ड्स पार्कवे या रस्त्याने अथाबास्का हिमनदीपर्यंत जाऊन रात्री परत येते. कमी ठिकाणांसाठी तेवढेच पैसे का मोजावेत, मोठी बस बरी की लहान व्हॅन, आणि हिमनदीची दिवसभराची सहल ज्येष्ठांना झेपेल का, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कॅल्गरीकर

निळाईताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर घड्याळात आहे. सहलीच्या पत्रकात ठिकाणांची नावे मोठ्या अक्षरांत असतात, पण प्रत्येक ठिकाणी पाय जमिनीवर किती वेळ टेकणार हे बहुधा लिहिलेले नसते, आणि निवड करताना नेमके तेच विचारायला हवे. बॅन्फ ते लेक लुईस हे अंतर ५८ किलोमीटर आहे आणि त्याला पाऊण तास लागतो. सकाळी चार-पाच हॉटेलांवरून माणसे गोळा करण्यात अर्धा-पाऊण तास जातो आणि संध्याकाळी सोडतानाही तेवढाच. त्यात आठ थांबे असतील, तर प्रत्येक थांब्यावर सगळ्यांनी उतरणे, मोजदाद होणे, कोणीतरी स्वच्छतागृहात अडकल्यामुळे थांबणे, यात दर वेळी दहा-पंधरा मिनिटे सहज जातात. उरलेल्या वेळेला आठने भागा, म्हणजे छायाचित्रापुरते उतरून परत चढणे एवढेच हाती राहते. गुडघेदुखी असलेल्या माणसाला तर आठ वेळा गाडीच्या पायऱ्या उतरणे-चढणे हेच दिवसाचे मोठे कष्ट ठरतात.

दोन तळ्यांच्या सहलीचा दर तेवढाच का, याचेही कारण आहे. मोरेन लेकचा रस्ता २०२३ पासून खासगी गाड्यांना बंद आहे. तिथे पार्क्स कॅनडा या राष्ट्रीय उद्याने सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या शटल बसने, रोम या सार्वजनिक बससेवेने किंवा परवानाधारक सहल कंपनीच्या वाहनानेच जाता येते. तो रस्ता साधारण जूनच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच खुला असतो. तेव्हा तुम्ही पैसे देता ते त्या तळ्यापाशी पोहोचण्याच्या हक्काचे आणि तिथे थांबण्याच्या वेळेचे. आरक्षण करताना कंपनीला स्पष्ट विचारा : मोरेन लेकला किती मिनिटे आणि लेक लुईसला किती? मोरेनला सव्वा ते दीड तास आणि लुईसला दोन तासांच्या आसपास मिळत असेल, तरच ती सहल घ्यावी, असे माझे मत आहे. कॅल्गरीत आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांपैकी एका कुटुंबाला मोठ्या बसच्या सहलीत मोरेनला जेमतेम पंचवीस मिनिटे मिळाली होती. त्यातली निम्मी स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली आणि आजींना पाणी दिसले ते माणसांच्या खांद्यांवरून.

दुसरी गोष्ट सासूबाईंसाठी. मोरेन लेकचे प्रसिद्ध दृश्य, म्हणजे पूर्वी कॅनडाच्या वीस डॉलरच्या नोटेवर असलेले, रॉकपाईल नावाच्या दगडांच्या ढिगाऱ्यावरून दिसते. वाट जेमतेम तीनशे-साडेतीनशे मीटरची असली तरी शेवटी पायऱ्याच पायऱ्या आहेत, आणि उतरताना गुडघ्यांना अधिक त्रास होतो. त्या चढल्या नाहीत तरी काही बिघडत नाही. काठाकाठाने जाणारी वाट बरीचशी सपाट आहे. झाडांची मुळे वर आलेली आहेत, तेवढी काठी बरोबर ठेवावी. लेक लुईसच्या काठाची वाट मात्र रुंद, सपाट आणि दोन किलोमीटरच्या वर लांब आहे. मन मानेल तिथून परत फिरता येते आणि मध्ये बसायला बाकही आहेत.

वाहनाबद्दल म्हणाल, तर दहा-बारा ते फार तर चोवीस आसनांचे वाहन घ्यावे. मात्र व्हॅनची पायरी उंच असते, म्हणून पायाखाली ठेवायचे स्टूल आहे का, हे आधी विचारून घ्या. सहल बॅन्फमधून सुटणारी घ्या. कॅल्गरीहून सुटणाऱ्या सहलींमध्ये जाऊन-येऊन तीन तासांची आणखी भर पडते आणि तुम्हाला ती विनाकारण सोसावी लागेल.

पायवाट

कॅल्गरीकरांचा वेळेचा मुद्दा पूर्ण मान्य आहे. परंतु ‘गाईड’ या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, आणि तो फरक निवडीच्या आधी समजून घ्यायला हवा. एक म्हणजे वाहन चालवता चालवता माहिती सांगणारा चालक, आणि दुसरा म्हणजे तुमच्याबरोबर वाटेवर चालणारा प्रशिक्षित मार्गदर्शक. राष्ट्रीय उद्यानात पैसे घेऊन असा व्यवसाय करायला पार्क्स कॅनडाचा परवाना लागतो. बर्फावर आणि कड्यांवर नेणारे मार्गदर्शक असोसिएशन ऑफ कॅनेडियन माउंटन गाईड्स या १९६३ साली स्थापन झालेल्या संस्थेचे प्रमाणपत्र घेतलेले असतात, तर निसर्ग आणि इतिहास उलगडून सांगणाऱ्यांसाठी वेगळे प्रमाणपत्र आहे. ‘आमच्याबरोबर येणारी व्यक्ती कोणत्या प्रकारची आहे आणि ती वाहनातून उतरून आमच्याबरोबर चालणार आहे का’, हा प्रश्न कंपनीला विचारायला संकोच करू नका. चांगली कंपनी लगेच नीट उत्तर देते.

या व्यवसायाला तिथे मोठी परंपरा आहे. १८९६ मध्ये लेक लुईसच्या मागे दिसणाऱ्या माउंट लेफ्रॉयवर फिलिप अ‍ॅबट या गिर्यारोहकाचा पडून मृत्यू झाला. त्यानंतर कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने १८९९ मध्ये स्वित्झर्लंडहून व्यावसायिक मार्गदर्शक आणले, आणि त्यांच्या देखरेखीखाली लोक त्या शिखरांवर सुरक्षितपणे चढू लागले. आजचा चांगला गाईड हा इतिहास तर सांगतोच, पण त्याच्या आधीचाही सांगतो. या दऱ्यांमध्ये स्टोनी नाकोडा आणि इतर मूळ रहिवाशांचा वावर हजारो वर्षांचा आहे. १८८५ मध्ये गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती राखीव क्षेत्र झाले, त्यातून कॅनडाचे पहिले राष्ट्रीय उद्यान उभे राहिले, आणि पुढे कित्येक वर्षे त्याच लोकांना तिथे शिकारीला आणि राहायला मज्जाव झाला. सहलीत हे ऐकायला मिळणार असेल, तर तिला माझे झुकते माप राहील.

माझी सूचना थोडी वेगळी आहे. मोरेन लेकला पार्क्स कॅनडाच्या शटलने स्वतःच जावे आणि वाचलेल्या पैशांत अर्ध्या दिवसासाठी फक्त तुमच्या कुटुंबापुरता चालणारा गाईड घ्यावा. पाच माणसांत विभागले तर ते वाटते तितके महाग पडत नाही, आणि सगळ्यात मोठा लाभ असा की वेग सासूबाईंचा राहतो. लेक लुईसच्या पलीकडच्या टोकाला हिमनदीचे पाणी तळ्यात मिसळते, तिथे आमच्या गाईडने मुलांना खाली बसवून ओल्या राखाडी गाळाला बोट लावायला सांगितले होते. तो गाळ वाळूसारखा खरखरीत नव्हता, पिठीइतका मऊ होता, आणि चिमटीत चोळला की बोटांवर चंदेरी थर उरत होता. हिमनदी खडक दळते, ती भुकटी पाण्यात तरंगत राहते आणि तिच्यावरून विखुरलेल्या प्रकाशामुळे तळे निळे-हिरवे दिसते, हे मुलांना त्या चिमटीमुळे जे कळले ते खिडकीतून ऐकून कळले नसते. गाळ बरोबर आणायचा नसतो, कारण उद्यानातून खडा उचलणेही नियमाविरुद्ध आहे, हेही गाईडने तिथेच सांगितले.

निळाई (मिसिसागा)

दोघांचे मनापासून आभार. मिनिटे विचारायची, हे तर मला सुचलेच नव्हते. पायवाट, तुमची कल्पना सासऱ्यांना फार आवडली, पण शटलची तिकिटे मिळवणे कितपत अवघड आहे? आमच्याकडे त्या दिवशी गाडी नसेल. आणि हिमनदीच्या सहलीविषयी अजून कोणी लिहिलेले नाही. सासऱ्यांनी सांगलीतच ‘बर्फाच्या नदीवर उभे राहायचे’ असे ठरवून ठेवले आहे, त्यामुळे तो बेत सहजासहजी सोडवत नाही.

कॅल्गरीकर

शटलच्या काही जागा एप्रिलमध्ये खुल्या होतात आणि उरलेल्या प्रवासाच्या दोन दिवस आधी सकाळी ८ वाजता. ती वेळ अल्बर्टाची, म्हणजे बॅन्फ ज्या प्रांतात आहे त्याची, आहे. तुम्ही अजून मिसिसागात असाल, तर तुमच्या घड्याळात १० वाजलेले असतील. ऑगस्टमध्ये चांगल्या वेळेच्या जागा पाहता पाहता संपतात. शिवाय ती शटल लेक लुईसच्या स्की रिसॉर्टच्या वाहनतळावरून सुटते. गाडी नसेल तर आधी बॅन्फहून रोमच्या बसने लेक लुईस गाठायचे, आणि मग दोन तळ्यांना जोडणाऱ्या बसच्या रांगेत उभे राहायचे. तरुण मंडळींसाठी हा उत्तम आणि स्वस्त मार्ग आहे. पण गुडघेदुखी असलेल्या बाईंना दिवसातून तीन-चार रांगांमध्ये उभे करायचे का, याचा विचार व्हावा. तुमच्या घरातल्या माणसांकडे पाहता तळ्यांसाठी लहान व्हॅनच योग्य, या मतावर मी ठाम आहे.

कृष्णाकाठ

हिमनदीविषयी मी लिहितो, कारण माझ्या आई-वडिलांना घेऊन मी त्या रस्त्याने गेलो आहे, आणि तेव्हा दोघेही सत्तरीच्या पुढे होते.

आईसफील्ड्स पार्कवे हा लेक लुईसपासून जॅस्परपर्यंतचा सुमारे २३० किलोमीटरचा रस्ता. त्याच्यासारखा रस्ता मी दुसरा पाहिलेला नाही, म्हणून या सहलीविरुद्ध बोलणे मला जड जाते. तरीही हिशेब मांडतो. बॅन्फ गावापासून अथाबास्का हिमनदी सुमारे १९० किलोमीटर आहे, म्हणजे न थांबता जाण्यालाच अडीच तास आणि येण्याला तेवढेच. हिमनदी बॅन्फमध्ये नसून जॅस्पर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे. थांबे आणि जेवण धरून दिवस दहा-अकरा तासांचा होतो. लेक लुईस सोडल्यावर मोबाईलला बहुतेक ठिकाणी सिग्नल नसतो, आणि नीट खाण्यापिण्याची सोय फार थोड्या ठिकाणी आहे. ज्येष्ठांच्या बाबतीत स्वच्छतागृह कुठे कुठे आहे, हे गाईडला सकाळीच विचारून ठेवावे आणि त्यांनाही सांगून ठेवावे. आमच्या आईने न सांगता पाणी पिणेच बंद केले होते आणि दुपारपर्यंत तिचे डोके धरले. प्रवासात आपल्याकडच्या कित्येक बायका असे करतात, म्हणून मुद्दाम लिहितो.

या मार्गावर गाईडबरोबर जाण्याचा एक फायदा फारसा कोणाला ठाऊक नसतो. पेटो लेकचे दृश्य बो समिट या पार्कवेवरील सर्वांत उंच भागातून, २,००० मीटरहून अधिक उंचीवरून, दिसते. खासगी गाड्या खालच्या वाहनतळावर थांबवाव्या लागतात आणि तिथून चढाची वाट चालावी लागते. वरचा वाहनतळ सहलींच्या बसगाड्या आणि अपंगत्वाचा परवाना असलेली वाहने यांच्यासाठी राखीव आहे, आणि तिथून दृश्य पाहायच्या सज्ज्यापर्यंतची वाट आखूड व डांबरी आहे. तुमच्या सासूबाईंना ते तळे पाहता येईल की नाही, हे वाहन वर जाते की नाही यावर ठरेल. सहल घेणार असाल, तर ‘पेटोला वरच्या तळावर उतरवता ना?’ असे विचाराच.

आता हिमनदीवर उभे राहण्याविषयी. तिथे दोन प्रकार आहेत. प्रचंड चाकांच्या आईस एक्सप्लोरर नावाच्या वाहनातून बर्फावर नेतात, आखलेल्या जागेत थोडा वेळ उतरवतात आणि परत आणतात. त्यात चालणे जवळपास नसते, पण वाहनाच्या पायऱ्या आहेत, पायाखाली बर्फ असतो आणि वर वारा असा असतो की ऑगस्टमध्येही कानटोपी लागते. दुसरा प्रकार म्हणजे प्रमाणित मार्गदर्शकाबरोबर बुटांना काटे बांधून काही तास बर्फावर चालणे. सासरे रोज फिरतात म्हणता, तेव्हा त्यांच्यासारख्या माणसाला यातच खरा आनंद आहे, मात्र वयाची आणि प्रकृतीची अट आधी पाहून घ्यावी. आणि कृपा करून कोणीही स्वतःच्या जबाबदारीवर दोरी ओलांडून बर्फावर जाऊ नये. वरून घट्ट दिसणाऱ्या बर्फाखाली खोल भेगा असतात आणि तिथे जीव गेलेले आहेत.

बर्फावर न जाताही एक गोष्ट पाहता येते. हिमनदीच्या पायथ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, कोणत्या वर्षी बर्फ कुठपर्यंत होता, हे सांगणारे फलक लावलेले आहेत. गेल्या सव्वाशे वर्षांत ती दीड किलोमीटरहून अधिक मागे हटली आहे. वडील निवृत्त शिक्षक. ते प्रत्येक फलकापाशी थांबून ‘या वर्षी मी अमुक इयत्तेला शिकवत होतो’ असे सांगत होते, आणि तिथून बर्फ अजून किती लांब आहे हे पाहून गप्प होत होते. या वाटेलाही चढ आहे, तेव्हा सासूबाईंनी खालीच थांबावे.

माझा सल्ला असा की त्या दिवशी कुटुंबाचे दोन भाग करा. सासरे आणि यजमान हिमनदीच्या सहलीला जाऊ द्यात. तुम्ही, सासूबाई आणि मुलगा बॅन्फमध्येच थांबा. सल्फर माउंटनच्या गोंडोलाने, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या पाळण्याने, काही मिनिटांत वर जाता येते, किंवा मिनेवांका लेकवर बोटीतून फिरता येते, आणि दोन्हींमध्ये गुडघ्यांना त्रास फार थोडा. सगळ्यांनी सगळे एकत्रच पाहिले पाहिजे, हा आग्रह आपल्याकडे फार असतो, आणि त्यापायी घरातल्या सर्वांत अशक्त माणसाचा दिवस सर्वांत वाईट जातो.

पायवाट

कुटुंब विभागण्याची सूचना उत्तम आहे. तळ्यांच्या दिवसासाठी व्हॅनच घ्यावी, हे कॅल्गरीकरांचे म्हणणेही आता मला पटते. गाडी नाही हे मी हिशेबात धरले नव्हते. तरीही चालणारा गाईड अगदीच सोडू नका. तिसऱ्या दिवशी सकाळी जॉन्स्टन कॅन्यन या घळीत जाता येईल. खालच्या धबधब्यापर्यंतची वाट एका बाजूने सव्वा किलोमीटर आहे, बरीचशी पक्की आहे, आणि कड्याला लावलेल्या लोखंडी पुलांवरून पाणी पायाखालून जाताना दिसते. थोडा चढउतार आहे, म्हणून सासूबाईंनी पहिल्या वळणापर्यंत येऊन परतावे. सकाळी आठच्या आत पोहोचलात, तर गर्दीच्या आधी वाट जवळपास मोकळी मिळते.

देवराई

वरच्या सर्वांनी महत्त्वाचे लिहिलेच आहे. मी फक्त व्यवहारातल्या काही गोष्टी जोडते.

ऑगस्टच्या अखेरीस वणव्यांचा धूर येऊ शकतो. २०२४ च्या जुलैमध्ये जॅस्पर गावाचा मोठा भाग वणव्यात जळाला, हे आपण सर्वांनी वाचले आहे. धुरामुळे डोंगर दिसत नसले तरी अनेक कंपन्या सहल रद्द करत नाहीत आणि पैसेही परत देत नाहीत. म्हणून रद्द करण्याची मुदत २४ तास आहे, ४८ तास आहे की त्याहून अधिक, हे वाचूनच पैसे भरा, आणि शक्य असेल तर महत्त्वाची सहल पहिल्या दोन दिवसांत ठेवा, म्हणजे पुढे ढकलायला जागा राहील. दरात उद्यानाचे प्रवेशशुल्क धरले आहे का, तेही पाहा. अल्बर्टात वर ५ टक्केच कर लागतो, पण गाईडला बक्षिसी देण्याची रीत तिथेही आहे.

दुपारचे जेवण सहलीत असेल, तर बहुधा सँडविच असते. शाकाहारी म्हणून कळवले तरी त्यात अंडे असू शकते, म्हणून सकाळी दशम्या आणि चटणी बरोबर घ्यावी. मात्र खाल्ल्यानंतर एक कणही मागे राहता कामा नये. कचरापेट्या अस्वलांना उघडता येऊ नयेत अशा असतात. पेटीच्या हँडलच्या आत हात घालून, न दिसणारी खिट्टी दाबल्याशिवाय झाकण उघडत नाही. मुलाला हे काम द्या, त्याला गंमत वाटेल. अस्वल, लांडगा दिसला तर १०० मीटर आणि एल्क, हरिण दिसले तर ३० मीटर अंतर ठेवायचे असते. त्यांच्यासाठी गाडी रस्त्यातच थांबवणारा गाईड चांगला नव्हे. अस्वलांना पळवणारा फवारा विमानातून नेता येत नाही, पण चालणारा गाईड तो स्वतः बाळगतो.

बॅन्फहून लेक लुईसला जाताना महामार्गावरून आडवे गेलेले, झाडे लावलेले पूल दिसतील, ते प्राण्यांसाठी बांधलेले आहेत. उद्यानात असे सहा पूल आणि त्याशिवाय अनेक भुयारी वाटा आहेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या कुंपणासह या सोयीमुळे वाहनांना धडकून प्राणी मरण्याचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घटले. मुलाला खिडकीची जागा द्या.

निळाई (मिसिसागा)

आज संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसवून हा धागा वाचून दाखवला आणि बेत ठरवला. पहिल्या दिवशी दोन तळ्यांची लहान व्हॅनची सहल. तीन कंपन्यांना मिनिटे विचारली. एकीने उत्तरच टाळले, दुसरीने मोरेनला चाळीस मिनिटे सांगितली, आणि तिसरीने मोरेनला दीड तास, लुईसला दोन तास आणि चढायला स्टूल असे लेखी कळवले. तिसरीचे आरक्षण केले. दुसऱ्या दिवशी सासरे आणि यजमान हिमनदीला जातील, आणि सासऱ्यांच्या वयाला काटे बांधून चालण्याची परवानगी आहे का, हे उद्या फोन करून विचारणार आहे. सासूबाई गोंडोलाऐवजी मिनेवांकाच्या बोटीवर खूश आहेत. जॉन्स्टन कॅन्यनसाठी अर्ध्या दिवसाचा गाईड पाच माणसांत कितीला पडतो, याची विचारणा पाठवली आहे. कृष्णाकाठ, एक विचारायचे राहिले : पार्कवेवर लेक लुईसनंतरचे पहिले स्वच्छतागृह साधारण किती वेळाने येते?

कृष्णाकाठ

बो लेकपाशी एक आहे, लेक लुईसपासून साधारण अर्ध्या तासावर. त्यानंतर पेटोच्या वाहनतळावर आणि मग सास्कॅचेवान क्रॉसिंगला. रांग पेटोला सर्वांत मोठी असते, तेव्हा बो लेकलाच उतरून घ्यायला सांगा. यजमानांच्या पाठपिशवीत सासऱ्यांची कानटोपी आणि हातमोजे मात्र तुम्ही स्वतः घाला. आदल्या रात्री बॅन्फमध्ये हवा उबदार असली, की ते घ्यायचे राहून जातात.